मेंदूच्या मूळपेशी आणि प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक

आपल्या वस्तीतील मुलगा अथवा मुलगी बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली की घरात दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. त्यात वावगे काही नाही. परंतु वैद्यकीय प्रवेश थोड्या गुणांनी हुकला म्हणून बी.एस्सी.ला गेलेल्या विद्यार्थ्याकडे नातेवाईक ज्या कीव करणाऱ्या नजरेने पाहतात, ती नजर माहितीच्या अभावातून येते. जीवशास्त्र शिकून रोगी तपासण्याखेरीज दुसरे कोणते काम करता येते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. अशाच एका कामाची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे. मूळपेशींच्या साह्याने मेंदूचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत कनिष्ठ संशोधक दिवसभर करतो तरी काय, त्याच्या कामाचे मोल किती, आणि आपल्या मुलांनी तिकडे वळावे काय, हा विषय आहे. लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे शास्त्रीय परिभाषा बेताची ठेवली आहे.

प्रथम मूळपेशी म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. त्वचेची पेशी त्वचेचे काम करते, स्नायूची पेशी स्नायूचे. पण काही पेशी अशा असतात की त्यांचे काम अद्याप ठरलेले नसते. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी निर्माण करतात आणि त्यांच्यापासून विशिष्ट कामाच्या पेशीही तयार होतात. त्यांना इंग्रजीत स्टेम सेल म्हणतात. स्टेम म्हणजे खोड, म्हणून मराठीत काही लेखक ‘स्कंधपेशी’ असाही शब्द योजतात. आपल्या वाचकाला स्कंध म्हटले की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पंचस्कंध आठवतील. त्यांचा येथे काही संबंध नाही. घोटाळा नको म्हणून या लेखात ‘मूळपेशी’ हाच शब्द वापरला आहे. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी अस्थिमज्जेत असतात, याचा पुरावा कॅनडातील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी १९६१ साली दिला. थॅलसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग झालेल्या रोग्यावर अस्थिमज्जेचे रोपण करतात, ते या पेशींच्याच बळावर.

रक्ताचे ठीक आहे, पण मेंदूचे काय? कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते, पण मेंदूतील चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही, असे मत विसाव्या शतकाचा बराच काळ सर्वमान्य होते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा त्याला पाठिंबा होता व पाठ्यपुस्तकांतून तेच शिकविले जात होते. १९६२ साली अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतही नव्या चेतापेशी तयार होत असल्याची चिन्हे प्रसिद्ध केली. १९६५ साली त्यांनी गोपाल दास या सहकाऱ्यासह आणखी पुरावा मांडला. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७७ साली मायकेल कॅपलान या तरुण संशोधकाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या नव्या पेशींची छायाचित्रेच पुढे ठेवली. तरीही ज्येष्ठांचा विश्वास बसला नाही. पुढे कॅपलान हे संशोधन सोडून वैद्यकीकडे वळले.

येथे केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आठवल्याशिवाय राहत नाही. परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरू सांगतो आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असा त्याचा आशय आहे. हा उपदेश आपण धर्मग्रंथ व पुरोहित यांच्या संदर्भात नेहमी सांगतो. विज्ञानाच्या क्षेत्रातही गुरू असतात आणि तेथेही तो तितकाच लागू पडतो.

कोंडी फुटली ती १९९२ साली. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्रा. सॅम्युएल वाइस यांच्या प्रयोगशाळेत ब्रेंट रेनॉल्ड्स हा विद्यार्थी संशोधन करीत होता. प्रौढ उंदराच्या मेंदूतील पेशी सुट्या करून त्या त्याने काचपात्रात ठेवल्या आणि वाढीस चालना देणारे एक प्रथिन त्यात घातले. बहुतेक पेशी मेल्या. पण थोड्या जगल्या आणि विभागू लागल्या, त्यांचे लहान लहान गोळे झाले. त्या गोळ्यांतून चेतापेशीही निघाल्या व त्यांना आधार देणाऱ्या पेशीही निघाल्या. प्रौढ मेंदूत मूळपेशी असतात हे त्यामुळे काचपात्रात दाखवता आले. बहुतेक पेशी मेलेल्या पाहून त्या विद्यार्थ्याने पात्र धुऊन टाकले असते तर? जे थोडे उरले त्याकडे पाहणारा डोळा येथे महत्त्वाचा ठरला, आणि तो डोळा विद्यार्थ्याचा होता.

१९९८ साली पाच दिवंगत रोग्यांच्या मेंदूंचा अभ्यास करून, स्मृतीशी संबंधित भागात माणसातही नव्या चेतापेशी तयार होतात असे पीटर एरिक्सन व फ्रेड गेज यांनी दाखविले. मात्र २०१८ साली दुसऱ्या एका गटाला त्या प्रौढ माणसात आढळल्या नाहीत आणि वाद पुन्हा पेटला. २०२५ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी त्या असल्याच्या बाजूने नवा पुरावा दिला आहे. विज्ञानात एकदा निकाल लागला म्हणजे प्रकरण कायमचे बंद होते असे नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण जपानचे. शिन्या यामानाका हे मूळचे अस्थिशल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेत हात चालेना म्हणून ते संशोधनाकडे आले. नारा येथील त्यांच्या प्रयोगशाळेत काझुतोशी ताकाहाशी हा विद्यार्थी आला, तो अभियांत्रिकी शाखेचा पदवीधर होता. त्वचेच्या पेशीला उलट वळवून पुन्हा मूळपेशी करता येईल काय, हा प्रश्न होता. त्यासाठी उपयोगी पडतील अशी २४ जनुके त्यांनी निवडली होती. एकेक घालून पाहिले तर काहीच होईना. मग चोवीसच्या चोवीस एकदम घातली, तेव्हा काही पेशी पालटल्या. आता चोवीसपैकी कामाची कोणती? ताकाहाशी याने उलटी वजाबाकी सुचविली. दर वेळी एकच जनुक वगळायचे आणि बाकीची तेवीस घालायची. जे वगळल्यावर काम थांबते ते आवश्यक. अशा रीतीने शेवटी चार जनुके उरली. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. उंदराच्या पेशींवरील हे काम २००६ साली व माणसाच्या पेशींवरील २००७ साली प्रसिद्ध झाले. २०१२ साली यामानाका यांना, इंग्लंडचे जॉन गर्डन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. वगळून पाहण्याची ती युक्ती आपल्या विद्यार्थ्याची होती, हे यामानाका यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. चूक सापडत नसली की एकेक नोंद बाजूला ठेवून बेरीज करून पाहण्याची रीत आम्हा बँकेतील लोकांना परिचित आहे. तिच्यातून एवढे मोठे काम उभे राहिले याचे मला फार कौतुक वाटते.

या शोधाचा मेंदूच्या अभ्यासाशी काय संबंध? संबंध असा, की जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही. पण त्याचे थोडे रक्त किंवा चिमूटभर त्वचा घेता येते. तिच्यातून आयपीएस पेशी आणि त्यांच्यातून चेतापेशी तयार करता येतात. त्या चेतापेशींत त्याच माणसाचा आनुवंशिक वारसा असतो. बंगळुरूमध्ये एनसीबीएस, इनस्टेम आणि निमहान्स या संस्थांनी मिळून असा उपक्रम चालविला आहे. ज्या कुटुंबांत एकाहून अधिक माणसांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे गंभीर मानसिक आजार आहेत, त्यांच्या संमतीने रक्त घेऊन पेशी तयार केल्या जातात व आजारी आणि निरोगी भावंडांच्या पेशी ताडून पाहिल्या जातात. घरातील मनोरुग्णाला बाहेरची बाधा झाली म्हणून दर्ग्यात, देवळात नेणारी कुटुंबे आपल्या आसपास अजून आहेत. तेथे करणी-भुताचे नाव घेतले जाते, येथे पेशीला विचारले जाते.

आता प्रत्यक्ष दिवसाचे काम. चित्रपटात शास्त्रज्ञ रंगीत द्रवाची नळी वर धरून ओरडतो तसे काही नसते. कनिष्ठ संशोधकाचे पहिले काम म्हणजे पेशी जगवणे. पेशी ज्या कपाटात ठेवतात त्याला इनक्युबेटर म्हणतात. त्यात ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या शरीराइतके तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड वायू असतो. पेशींना साखर, क्षार, प्रथिने असलेल्या द्रवात वाढवतात, त्याला मीडियम म्हणतात. हा द्रव रोज किंवा एक दिवसाआड बदलावा लागतो. प्रयोगशाळेत त्याला पेशींना खाऊ घालणे असेच म्हणतात. द्रवात लाल रंगाचे सूचक असते. पेशींनी टाकलेले आम्ल साचले की तो पिवळा पडू लागतो. तरबेज संशोधकाला कपाट उघडताच कोणती थाळी उपाशी आहे ते कळते. पेशींना रविवार नाही, दिवाळी नाही आणि १४ एप्रिलही नाही. म्हणून मुले आपसांत पाळी लावतात आणि सुट्टीच्या दिवशीही तासाभरासाठी येऊन जातात.

दुसरे काम स्वच्छतेचे. हात घालण्यापूर्वी हातमोज्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारायचे, गाळलेली हवा वाहणाऱ्या बंदिस्त टेबलापाशी बसायचे, झाकण उघडले की त्यावरून हात न्यायचा नाही, बोलायचे नाही. एक बुरशीचा कण पडला तर दोन महिन्यांचे काम फेकून द्यावे लागते. त्याहून कपटी असतो मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, द्रव गढूळ होत नाही, पेशीही लगेच मरत नाहीत, पण निष्कर्ष मात्र बिघडवतो. म्हणून ठरावीक काळाने त्याची चाचणी करावीच लागते.

थाळी भरली की पेशी सुट्या करून नव्या थाळ्यांत वाटाव्या लागतात. माणसाच्या मूळपेशी एकट्या पडल्या की पटापट मरतात. त्यासाठी सुरुवातीला एक विशिष्ट औषध द्रवात घालतात. त्या औषधाचा हा उपयोग जपानच्या कोबे शहरातील योशिकी सासाई यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दाखविला. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल. राहिलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, साठवून ठेवतात. मग मूळपेशीला चेतापेशी होण्याचा मार्ग दाखवायचा. कोणत्या दिवशी कोणते रसायन, किती प्रमाणात, याचे वेळापत्रक असते व ते कित्येक आठवडे चालते. शेवटी विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी, प्रकाशणारी द्रव्ये वापरून पेशी रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे-लाल धागे चमकले की समजायचे, चेतापेशी झाल्या. पुष्कळदा ते चमकत नाहीत. मग पहिल्यापासून सुरुवात.

या ‘पहिल्यापासून सुरुवात’चे आपल्याला वावडे असू नये. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला तेव्हा परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला होता. त्यांनी तो सुधारून पुन्हा पाठविला आणि १९२३ सालीच त्यांना डी.एस्सी. मिळाली. आम्ही पदव्यांची यादी तोंडपाठ म्हणतो, हे फेरलेखन मात्र मुलांना क्वचितच सांगतो.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र ना सूक्ष्मदर्शक ना इनक्युबेटर. ती आहे वही. प्रत्येक दिवसाची तारीख, पेशींचे नाव, त्या कितव्यांदा वाटल्या, द्रवाची बाटली कोणत्या तारखेची, किती पेशी मेल्या, सर्व लिहावे लागते. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे जुना आकडाही वाचता यावा. आमच्या खातेवहीचा नियम हाच आहे आणि कारणही तेच: उद्या दुसऱ्या माणसाला पडताळा घेता आला पाहिजे.

वही नीट नसेल तर काय होते? जानेवारी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात कोबे येथील राइकेन संस्थेतील हारुको ओबोकाता व सहकाऱ्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. साध्या पेशी सौम्य आम्लात थोडा वेळ ठेवल्या की मूळपेशी होतात, असा त्यांचा दावा होता. जगभर गाजावाजा झाला. पण इतर प्रयोगशाळांना तसे काही करता येईना. छायाचित्रांत फेरफार आढळला. चौकशी समितीच्या हाती तीन वर्षांच्या कामाच्या फक्त दोन वह्या आल्या, त्यांतील नोंदीही अपुऱ्या. जुलै २०१४ मध्ये दोन्ही निबंध मागे घ्यावे लागले. नव्या म्हणून दाखविलेल्या पेशींत जुन्याच भ्रूण-मूळपेशी मिसळल्या होत्या, असे पुढे निष्पन्न झाले. ज्या सासाई यांचा उल्लेख वर आला ते या कामात सहलेखक होते. मूळपेशींपासून मेंदूचे व डोळ्याचे ऊतक घडविणारे ते फार मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी स्वतः खोटेपणा केला नव्हता असे समितीने म्हटले, परंतु देखरेख न ठेवल्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंचशीलातील चौथे शील, असत्यापासून अलिप्त राहण्याचे, आपण विहारात दर रविवारी घेतो. प्रयोगशाळेत ते शील एका तारखेत आणि एका आकड्यात पाळायचे असते, आणि ते मोडले तर केवढे मोल पडते ते येथे दिसते.

पहिल्या शीलाचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. वर सांगितलेल्या प्रयोगांत उंदीर मारले गेले आहेत, आजही मारले जातात. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली त्यावर नियंत्रण आहे. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते, किती प्राणी व का, हे आधी लिहून द्यावे लागते आणि वेदना कमीत कमी ठेवाव्या लागतात. तरी हिंसा ती हिंसाच. आयपीएस पेशींमुळे मानवी भ्रूणाची गरज पुष्कळ कमी झाली, काही प्रयोगांत प्राण्यांचीही. २०१३ साली व्हिएन्ना येथे मॅडलिन लँकेस्टर या तरुण संशोधिकेने पेशींपासून मेंदूच्या ऊतकाचे वाटाण्याएवढे गोळे वाढविले. २०१६ साली झिका विषाणू गर्भाच्या मेंदूची हानी कशी करतो ते अशाच गोळ्यांवर अभ्यासले गेले. तरीही उंदरांचा वापर थांबलेला नाही. या क्षेत्रात जाणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्याने हा प्रश्न स्वतःशी सोडवावा. केवळ पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत, तसा विषय मागून घेता येतो.

आता, या सर्वांचा रोग्याला उपयोग काय? कंपवात अर्थात पार्किन्सनच्या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी मरतात. क्योटो येथे आयपीएस पेशींपासून तशा पेशी तयार करून ७ रोग्यांच्या मेंदूत सोडण्यात आल्या. त्याचा अहवाल २०२५ साली आला. पेशी टिकल्या, डोपामिन तयार करू लागल्या, गाठी झाल्या नाहीत आणि काहींच्या हालचाली सुधारल्या. आशादायक, परंतु सात माणसे म्हणजे सातच. याउलट आपल्या शहरांतून सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, अर्धांगवायू अशा सर्वांवर मूळपेशींचा हमखास इलाज असल्याच्या जाहिराती झळकतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे की, रक्ताच्या ठरावीक आजारांतील रोपण सोडले तर मूळपेशींचा वापर हा अद्याप प्रयोग आहे व तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणे बसत नाही. लेकरासाठी मुदतीआधी ठेव मोडायला आलेले आईबाप मी खिडकीपलीकडे पाहतो. ठेव त्यांची, लेकरू त्यांचे. पण वस्तीत एक जरी या विषयातील जाणकार मुलगी असती तर आधी तिला विचारता आले असते. माझ्या दृष्टीने आपल्या मुलांनी या क्षेत्रात जाण्याचे हे मोठे कारण आहे.

मार्ग असा. बी.एस्सी.नंतर जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायन अशा विषयात एम.एस्सी. करावे. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा द्यावी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातही ती देता येते. तीत वरचा क्रमांक मिळाला तर ज्युनियर रिसर्च फेलो होता येते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये विद्यावेतन आहे, घरभाडे भत्ता वेगळा. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना गुणांत व वयात सवलत आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे ती बौद्धांनाही मिळते. याशिवाय अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. संस्थांची नावे सांगायची तर मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर व एनसीसीएस, हैदराबादेत सीसीएमबी, बंगळुरूस एनसीबीएस व इनस्टेम, हरियाणात मानेसर येथे एनबीआरसी. बऱ्याच ठिकाणी उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना काही आठवडे काम करू देतात. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, ओळख लागत नाही.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. तोपर्यंत मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होते आणि “अजून शिकतेच आहे का?” हा प्रश्न लग्नसमारंभात तिच्या आईला विचारला जातो. त्यावर सांगावे की ती शिकते आहे आणि त्याचे तिला वेतनही मिळते. एक व्यावहारिक गोष्ट मात्र पालकांनी सांभाळावी. विद्यावेतन कधीकधी काही महिने उशिरा, एकरकमी हाती पडते. तेव्हा परगावी पाठविताना पाच-सहा महिन्यांचा खोली-खानावळीचा खर्च तिच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व गुणपत्रिका यांच्या साक्षांकित प्रती आधीच तयार करून द्याव्यात, म्हणजे ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव होणार नाही.